तळघर, अंजीर आणि बदली नवरा

तीर्थस्वरूप देल्फीनाताईस,

धाकट्या एवाझियोचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडले की डावी करंगळी एकटीच बाजूला उभी राहते. त्याचं कारण पुढे ओघात येईल. नमस्कारात खोट नाही, करंगळीत आहे.) इकडे आम्ही सगळे आहोत तसे आहोत. तुझी तब्येत, झोप, मुलं, नातवंडं, ती कोंबड्यांवर दादागिरी करणारी बदकं, सगळ्यांचं सविस्तर कळव. बार्तोलोभाऊजी गेल्यापासून तुझी पत्रं अर्ध्या पानातच धापा टाकायला लागतात आणि शेवटी ‘जास्त काय लिहू’ म्हणून खाली बसतात. मला हे मुळीच आवडत नाही. अर्जेंटिनासारख्या अवाढव्य देशात राहून माणसाला अर्धं पान पुरावं, आणि इथे मी मोन्फेर्रातोच्या एका टेकडीवर, त्याच चौकात, त्याच चर्चसमोर आयुष्य काढून मला चार पानं अपुरी पडावीत, हा कुठला न्याय?

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, ‘आपलं घर अजून उभं आहे ना?’ ताई, घर उभं आहे. फक्त स्वयंपाकघर जरासं बसलंय.

झालं असं की मार्चमधल्या एका रविवारी ओत्ताविया चुलीपाशी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती आणि मी खिडकीत बसून तिला चूक कुठे होतेय ते सांगत होतो. तेवढ्यात आईच्या त्या अक्रोडाच्या फडताळाने एक पाय पुढे टाकला. म्हणजे खाली टाकला. मग एखाद्या जुन्या सरदाराने मुजरा करावा तसं ते कमरेत वाकलं आणि आईच्या निळ्या काठाच्या बश्या एकामागून एक घसरत अदृश्य झाल्या. ओत्तावियाने डाव काही सोडला नाही (सोडला तर गुठळ्या होतात), फक्त ओरडली, “अहो, फडताळ निघालं!” मी विचारलं, “कुठे?” ती म्हणाली, “खाली!” मी म्हणालो, खाली कुठे, खाली काय आहे. आणि बोलता बोलता थांबलो. कारण खाली काय आहे हे या घरात आता मला एकट्यालाच माहीत होतं. दुसरं माहीत असणारं माणूस समुद्रापलीकडे बदकं सांभाळतंय.

भोकाशी पालथा पडून मी आत डोकावलो. अंधार होता, आणि त्या अंधारातून तो वास वर आला. ओल्या दगडाचा, बुचांचा, जुन्या दारूचा आणि थोडासा मेणबत्ती विझवल्यानंतरचा. ताई, साठी जवळ आलेला, टक्कल पडलेला न्हावी मी, आणि एका श्वासात सहा वर्षांचा झालो. लढाईच्या त्या हिवाळ्यात सैनिकांच्या गाड्या गावात शिरल्या की बाबा आपल्याला खाली सोडायचे. दिवा लावायची बंदी. तू मला मांडीवर घेऊन माझं बोट भिंतीवरून फिरवायचीस आणि दगडात अडकलेले शिंपले लागले की कानात सांगायचीस, हा राजाचा, हा राणीचा, हा सोंड्या मास्तरांचा. मी हसू दाबायचो आणि भीती बिचारी मागे राहायची. पुढे तू बोटीत बसून गेलीस आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी त्या जिन्यात खाणीतला दगडमातीचा राबिट ओतून तोंड बंद केलं. आई म्हणाली, ओल येते म्हणून. बाबा म्हणाले, उंदीर येतात म्हणून. एकाच भिंतीला दोन कारणं मिळाली तेव्हाच मी समजलो होतो की खरं कारण तिसरंच आहे. पण आपल्या घरात तिसरी गोष्ट विचारायची पद्धत नव्हती.

तर फुल्वियोला बोलावलं. तुझा भाचा तोरिनोला रस्ते आणि पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, पोरगा कामाचा आहे, मनाने चांगला आहे, फक्त त्याला जगातली कुठलीही पोकळी बघवत नाही. त्याने भोकात विजेरी मारली, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि म्हणाला, “बाबा, काँक्रीटची एक गाडी मागवतो. नळी आत सोडायची, जेवायच्या वेळेपर्यंत भरून होईल. वर छान फरशी घालू.”

“आणि खालचं?”

“खालचं काय? खाली काहीच नाहीये.”

मी काही बोललो नाही. (ओत्तावियाला विचारशील तर ती सांगेल की मी तासभर बोललो. पण तिच्या घड्याळात माझं बोलणं नेहमी पुढेच धावतं.) शेवटी असं ठरलं की द्राक्षं उतरेपर्यंत मी ते तळघर माझ्या हाताने नीट करायचं. नाही झालं तर गाडी येणार आणि मी चौकात कोणाला तोंड दाखवायचं नाही. ओत्ताविया एवढंच म्हणाली, “आयुष्यभर लोकांच्या डोक्यावरचं काढलंत, आता पायाखालचं काढा.”

एकट्याने हे होणं शक्य नव्हतं, म्हणून भिंतीपलीकडच्या गिल्दोला हाक मारली. गिल्दो तुला आठवत असेलच. (आठवत नसेल तरी तसं कळवू नकोस.) जन्मभर त्याने ट्रॅक्टर दुरुस्त केले, त्यामुळे दगड, चुना, कमानी, हवामान आणि बायका या सगळ्या विषयांत आपल्याला गती आहे अशी त्याची समजूत आहे. लग्न काही त्याने केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणतो, “एकदा केलं, पुरे.” आणि सगळे हसतात. तो मोटरसायकलचं हेल्मेट घालून आला, खाली बघितलं आणि म्हणाला, “आठवड्याचं काम आहे.” तो आठवडा एप्रिलमध्ये सुरू झाला आणि सप्टेंबरात संपला.

राबिट उपसायचं काम म्हणजे काय सांगू! छताला कप्पी लावली, दोराला बादली बांधली, खाली मी भरायचो, वर गिल्दो ओढायचा आणि ओढताना जागतिक परिस्थितीवर बोलायचा. महत्त्वाचा मुद्दा आला की हातवारे करायला त्याला दोन्ही हात लागतात. मग बादली परत माझ्याकडे यायची. गावात बातमी पसरली की एवाझियोला खाली खजिना सापडलाय, त्यामुळे चौकातल्या बाकावरची म्हातारी मंडळी आपल्या दाराशी खुर्च्या टाकून बसायला लागली आणि प्रत्येक बादलीवर शेरे मारायला लागली. जिन्याची मान मोकळी झाली त्या दिवशी गिल्दो म्हणाला, आधी मी उतरून बघतो, तू नाजूक आहेस. उतरला. पोटापर्यंत उतरला. त्यापुढे ना खाली, ना वर. नेमके त्याच वेळी फादर चेल्सो जागेला आशीर्वाद द्यायला आले. हल्लीच बदलून आलेत, तरुण आहेत, आणि असल्या तळघराला आपल्याकडे ‘इन्फेर्नोत’ म्हणतात, त्या नावातच नरक असल्यामुळे पाण्याचा कलश जरा मोठाच आणला होता. दारातून बघतात तो स्वयंपाकघराच्या जमिनीतून हेल्मेट घातलेला अर्धा माणूस वर आलेला आणि तांबडालाल होऊन सैतानाचं नाव घेतोय. फादर मागे सरले. म्हणाले, “याला आधी पूर्ण वर काढायचं की आधी पाणी शिंपडायचं?” ओत्ताविया म्हणाली, “पाणी नको, डुकराची चरबी आणते.” चरबी लावून, काखेत हात घालून मी आणि फादरनी त्याला उपटला. गिल्दो वर आला. विजार आली नाही.

पलंगाचं प्रकरणही सांगून टाकतो, नाहीतर ओत्ताविया स्वतः लिहील. स्वयंपाकघराखालची खचलेली कमान पुन्हा बांधायची तर खालून लाकडी आधार हवा, आणि गावात चांगल्या फळ्या मिळत नव्हत्या. गिल्दो म्हणाला, माणसं पलंगावर कडेकडेनेच झोपतात, मधल्या फळ्यांना काही काम नसतं. मला त्या वेळी हे पटलं. दुपारी जेवून ओत्ताविया आडवी झाली. पुढचं तुझ्या कल्पनेवर सोडतो. त्यानंतर दोन दिवस आम्हाला पोलेंटा मिळाला नाही, जे मिळालं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

पण ताई, घर कशाने खचलं ते ऐक. कमानीचे दगड एक एक करून उतरवले तेव्हा मधून मनगटाएवढं जाड मूळ निघालं. गिल्दोच्या अंजिराचं. भिंतीखालून येऊन, कमानीत शिरून, दगडामागून दगड सरकवत ते थेट तळघरात उतरलं होतं. ते अंजीर त्याने कधी लावलं ते तुला माहीत असायचं कारण नाही. तुझी बोट जेनोव्हाहून सुटली त्या वसंतात. मी बरोबर होतो, खड्डा मीच खणला होता, का लावतोयस असं विचारलं नव्हतं. मूळ बघून ओत्ताविया म्हणाली, “याची मुळं इतकी वर्षं आपल्या घरात शिरतायत आणि हा मेला कुंपणापलीकडून ‘बाई, मीठ आहे का’ विचारतोय.” मूळ तोडायचं ठरलं. मी धरलं, त्याने कुऱ्हाड घेतली. कुऱ्हाड उचलताना त्याचा हात कापत होता. आणि मग माझा कापला. करंगळी राहिली, पण तिच्यातला मऊपणा गेला, आता ती कायम शाळेतल्या हुशार मुलीसारखी उभी असते. मूळ मात्र नीट तुटलं. झाडही वाचलं, यंदा फळं जरा उशिरा आली एवढंच.

जूनमध्ये आम्ही आतल्या खोलीत पोचलो. मला वाटलं होतं लहानपणी मोठी वाटलेली जागा आता डबीएवढी दिसेल. तसं झालं नाही. मधोमध खडकातूनच कोरलेलं ते मेज, त्याच्या भोवती दगडाचीच बैठक, आणि भिंतींमध्ये पणजोबांनी कोरलेले ते कोनाडे, एकावर एक, गोल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. सगळे रिकामे. समोरच्या भिंतीतले खालचे सोडून. तिथे बाटल्या होत्या. धुळीने करड्या झालेल्या, आडव्या, शांत. वर दगडात बाबांच्या हातचं ‘दे’ कोरलेलं, देल्फीनातलं.

तुला माहीत आहेच. मूल जन्मलं की त्या वर्षीची बार्बेरा दारू त्याच्या लग्नासाठी बाजूला ठेवायची आपली रीत. माझ्या बाटल्या बाबांनी जिना बुजवायच्या आधी वर आणल्या होत्या. माझ्या लग्नात त्या संपल्या, आणि त्यांच्या बरोबरीने ओत्तावियाचे काकाही जवळजवळ संपले होते. तुझ्या मात्र बाबांनी वर आणल्या नाहीत. तिथेच ठेवून वर राबिट ओतला. म्हणजे हे तिसरं कारण. मी वळून गिल्दोकडे बघितलं. तो खालच्या पायरीवर बसला होता. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याने दारातली म्हातारी मंडळी इतकी घाबरली की खुर्च्या उचलून आपापल्या घरी गेली.

सप्टेंबरात कमान बांधून झाली, हवेचा झरोका मोकळा झाला, जिन्याला चुना लागला. फुल्वियो तपासायला आला. कमानीला कान लावला, वर स्वयंपाकघरात जाऊन उड्या मारल्या (ओत्ताविया फडताळ धरून उभी होती), आणि म्हणाला, “बाबा, हे माझ्या पुलांपेक्षा जास्त टिकेल.” मला आनंद झाला, पण तेव्हापासून त्याच्या पुलांची काळजी लागून राहिलीय. गाडीचं त्याने नावही काढलं नाही. खाली डुकराची सलामी, कांदा, पाव आणला, सगळे त्या मेजाभोवती बसलो, आणि त्याची नजर कोनाड्यांकडे गेली.

“या कोणाच्या?”

मी सांगितलं. तुझी हकीकत तुलाच काय सांगायची, पण त्याला सांगताना मला स्वतःला ती पहिल्यांदा ऐकू आली, म्हणून लिहितो. बार्तोलोभाऊजी आधीच तिकडे गेलेले, पत्रातून जमलेलं लग्न, बायको म्हणून कागद झाल्याशिवाय तुला बोटीत घेणार नव्हते, म्हणून इथल्या चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी उभं राहायला त्यांनी आपला मित्र नेमला. कारखान्यात बदली कामगार असतो तसा बदली नवरा. फुल्वियोने पाव खाली ठेवला.

“म्हणजे गिल्दोकाकांनी आत्याशी लग्न केलं?”

“मी नाही रे,” गिल्दो म्हणाला. “मी फक्त ‘हो’ म्हणालो.”

कोणी हसलं नाही. इतकी वर्षं गाव ज्या गोष्टीवर हसत आलं ती त्या खोलीत म्हटल्यावर कोणाला हसू आलं नाही. फुल्वियोने विचारलं, मग बाटल्या का उघडल्या नाहीत? कारण बाबांनी त्या दिवशी सांगितलं होतं की नवऱ्याशिवाय कसला आलाय पेला, जावई स्वतः येऊन माझ्या मेजाशी बसेल तेव्हा उघडू. आणि भाऊजींचं येणं काही झालं नाही. आधी जमीन, मग पोरं, मग त्यांची छाती. आई गेली त्या वेळी तुझा धाकटा पोटात होता, बाबा गेले त्या वेळी तार उशिरा पोचली. बाबा शेवटी शेवटी दारात बसून दगडातले शिंपले दाखवायचे आणि म्हणायचे, इथून समुद्रसुद्धा उठून गेला, मग पोरीचं काय घेऊन बसलात. असं म्हणून झालं की रस्त्याकडे बघायचे.

फुल्वियोने बूच काढायचं हत्यार खिशातून काढलं होतं, ते ओत्तावियाने त्याच्या हातातून घेतलं. म्हणाली, “जिच्या नावाच्या आहेत तिने उघडाव्या.” आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बोलण्यात मला दुरुस्ती सुचली नाही.

असो. काम अजून किरकोळ राहिलंय. आतल्या भिंतीचा एक कोपरा तासायचा आहे, बैठकीची कड बोथट करायची आहे, म्हणून रोज दुपारी खाली उतरतो. दगडाचं काम सावकाशच होतं. पत्र लांबलं. नातवंडांना त्यांनी न पाहिलेल्या आजीच्या माहेराकडून पापे. तुझ्या अर्ध्या पानाची वाट बघणारा, पण पूर्ण पान आलं तर तक्रार न करणारा,

तुझा भाऊ
एवाझियो

ता. क. ओत्ताविया वाचतेय. तिचं म्हणणं, पलंग मोडला तो फळ्या नव्हत्या म्हणून, तिच्या वजनाने नव्हे, हे स्पष्ट लिहिलेलं नाही. ते स्पष्ट लिहीत आहे.

ता. क. परवा भर दुपारी गिल्दो टोपी हातात घेऊन आला. तो टोपी फक्त अंत्ययात्रेत काढतो, म्हणून मी आधी विचारलं, कोण गेलं? म्हणाला, “कोणी नाही. तिला विचार, तुझ्या बाबांच्या अटीत बदली माणूस चालतो का.” मी हे तुला लिहितोय हे त्याला माहीत नाही. म्हणजे तो समोरच बसलाय, आणि म्हणतोय की ‘चालतो का’ नको, ‘चालला असता का’ असं लिही, म्हणजे तिला नाही म्हणायला सोपं जाईल. मी ‘चालतो का’च ठेवलंय.

ता. क. गिल्दो गेला. आता माझं. ताई, कोपरा तासायचा नाहीये. कडही बोथट करायची नाहीये. काम सप्टेंबरातच संपलं. मी रोज दुपारी खाली जातो, मेजाशी एकटा बसतो आणि मधून मधून एका फुटक्या दगडावर छिन्नी मारतो, म्हणजे वर वाटावं की काही चाललंय. काल जिन्याच्या तोंडाशी येऊन ओत्तावियाने हाक दिली, “अहो, पुरे झालं त्या दगडाला. तिला सरळ लिहा की ये म्हणून.”

तर लिहितो. ये.